हलक्या हाताची दाढी

अंघोळीआधी नखं कापायला बसलात तर नेलकटरचा कट्कन आवाज होतो आणि नखाचा तुकडा उडून पलंगाखाली जातो. तीच नखं अंघोळीनंतर कापून पाहा. आवाज होत नाही, तुकडा उडत नाही, नख मुकाट्याने कापलं जातं. नेलकटर तोच, हातही तोच. मग अर्ध्या तासात झालं काय?

या साध्या प्रश्नाच्या उत्तरात चांगल्या दाढीचं अर्धं शास्त्र आहे. नख आणि दाढीचा केस दोन्ही केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात, त्यामुळे नखाला जे लागू ते केसालाही लागू. पण सकाळच्या घाईत हे लक्षात कोण घेतो? जेमतेम ओल्या गालावर आपण फेस फासतो, रेझर दाबून ओढतो आणि मग मान दिवसभर चुरचुरते. दोष आपण त्वचेला देतो, नाहीतर आणखी जास्त पात्यांचं महागडं कार्ट्रिज विकत आणतो.

माझी मान वीस वर्षं अशीच चुरचुरत होती. एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजलेले पाने आणि काटे नसलेली घड्याळं यांच्या ढिगात एक रेझर दिसला. जिलेट कंपनीचं 'टेक' नावाचं मॉडेल, १९३८ मध्ये प्रथम बाजारात आलेलं. अंगावर साबणाचं पांढरं पुट चढलेलं, पण नखाने खरवडल्यावर आत निकेलचा मुलामा लखलखत होता. दांडा, खालची पट्टी आणि वरची टोपी, एवढेच तीन सुटे भाग. घरी आणून धुतला, कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्लेड आणलं आणि बसवून पाहिलं. माझ्याहून वयाने मोठ्या त्या रेझरमध्ये सकाळी घेतलेलं ब्लेड अगदी चपखल बसलं. त्या रेझरने मला दाढी पुन्हा पहिल्यापासून शिकवली. तो जे शिकवतो ते एका वाक्यात सांगता येतं: जोर आपण लावायचा नाही. पाणी, फेस, धार आणि वजन हे चौघे आपापलं काम करतात, हाताने फक्त त्यांच्या आड यायचं नाही. या चौघांची ओळख करून घेऊ.

पाणी: केसाचे पोहे होतात

कोरडे पोहे बोटांत चुरले तर कुरकुरतात. त्यांवर पाणी शिंपडून थोडा वेळ झाकून ठेवलं की तेच पोहे मऊ पडतात आणि फुगतात. केसाचंही असंच होतं.

केराटिनचे लांबलचक धागे एकमेकांना दोन प्रकारच्या गाठींनी बांधलेले असतात. काही गाठी पक्क्या, गंधकाच्या बंधांच्या असतात. त्या पाण्याने सुटत नाहीत, म्हणून तर केस पाण्यात विरघळून जात नाही. पण त्यांच्या जोडीला असंख्य सैल गाठी असतात, त्यांना हायड्रोजन बंध म्हणतात. पाण्याचे कण धाग्यांच्या मध्ये शिरले की या सैल गाठी सुटतात. केस फुगतो, मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर पुरतो.

यासाठी दोन-तीन मिनिटं मात्र द्यावी लागतात. गरम पाणी हे काम लवकर करतं. केसावर त्वचेच्या तेलाचा पातळ थर असतो, तो पाण्याला आत जाऊ देत नाही. म्हणून आधी चेहरा साबणाने धुवायचा. अंघोळ करून लगेच दाढी केली तर ही सगळी तयारी आपोआप होते.

आपल्याकडच्या न्हाव्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. गावाकडे ओट्यावर बसलेला न्हावी धोकटीतून पितळी वाटी काढायचा, तीत पाणी घ्यायचा आणि बोटांनी दाढी बराच वेळ चोळत राहायचा. कित्येकदा साबणाचा पत्ताही नसायचा. केस पुरेसा भिजला याची बोटांना खात्री पटली, की मगच हात वस्तऱ्याकडे जायचा.

फेस: पाण्याचं गोदाम

केस भिजवला तरी चेहऱ्यावरचं पाणी दोन मिनिटांत ओघळून जातं, उरलेलं सुकतं. ते जागच्या जागी धरून ठेवायला हवं. फेसाचं पहिलं काम हेच. फेस म्हणजे हवेच्या बुडबुड्यांच्या भिंतींमध्ये साठवलेलं पाणी. बुडबुडे जितके बारीक, तितक्या भिंती जास्त आणि पाणीही जास्त वेळ टिकणारं. फेसाचं दुसरं काम वंगणाचं: ब्लेड त्वचेला न घासता तिच्यावरून सरकलं पाहिजे.

अंगाच्या साबणाचा फेस झटकन येतो आणि तसाच झटकन बसतो. साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि अल्कली यांच्या संयोगाने तयार झालेला क्षार. तेल कोणतं आणि अल्कली कोणती, यावर फेसाचा स्वभाव ठरतो. खोबरेल तेलाच्या साबणाला मोठमोठे, उतावळे बुडबुडे येतात. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण भरपूर असतं, त्याचा फेस घट्ट, बारीक आणि टिकाऊ होतो. शिवाय अंगाचा साबण बहुधा सोडियमच्या अल्कलीचा असतो, तर दाढीच्या साबणात पोटॅशियमची अल्कलीही घालतात. तिचा साबण मऊ होतो आणि पाण्यात सहज मिसळतो.

फेस करणं हे कणीक मळण्यासारखं आहे. सगळं पाणी एकदम ओतलं तर कणीक बिघडते. ओला ब्रश झटकायचा, साबणावर अर्धा-पाऊण मिनिट फिरवायचा, मग गालावर किंवा वाटीत गोल गोल घोळवत थेंब थेंब पाणी वाढवायचं. सुरुवातीला फेस कोरडा, खडूसारखा दिसतो. मग त्याला तकाकी येते. दही घुसळताना जशी एक वेळ येते की हाताला फरक कळतो, तशी इथेही येते. घट्ट दह्यासारखा, चकचकीत, एकही मोठा बुडबुडा नसलेला फेस जमला की थांबायचं. ब्रशचं काम एवढ्यावर संपत नाही. तो आडवे पडलेले केस उभे करतो आणि प्रत्येक केसाच्या बुडाशी फेस नेऊन पोचवतो. बोटांना हे तितकं जमत नाही.

फेस काही केल्या होत नसेल तर दोष साबणाचा असेलच असं नाही. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे आपल्या घराघरात माहीत आहे. त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला चिकटून त्याचा न विरघळणारा साका करतात. अशा वेळी तांब्याभर पिण्याचं पाणी तापवून घेतलं तरी फरक लगेच दिसतो.

धार: पत्रा आणि रंधा

आता ब्लेडकडे वळू. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतला फिरता विक्रेता बाटल्यांच्या पत्र्याच्या बुचांचा धंदा करणाऱ्या कंपनीत होता. लोक एकदा वापरून टाकतील आणि पुन्हा घ्यायला येतील अशी वस्तू शोध, असा सल्ला त्याला त्या बुचाचा जनक विल्यम पेंटर याने दिला होता. १८९५ मध्ये एके सकाळी दाढी करताना हातातला वस्तरा बोथट लागला आणि जिलेटच्या मनात विचार आला: वस्तऱ्याची कापणारी कड केसाएवढी, बाकीचं जाड पोलाद फक्त तिला आधार द्यायला. मग कड तेवढी पातळ पत्र्याची करून आधार वेगळा का देऊ नये?

कल्पना सोपी होती, पण इतक्या पातळ पोलादाला कडक करून धार लावता येणार नाही, असं जाणकारांनी त्याला सांगितलं. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते यंत्र आणि ती पद्धत बसवली. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना सरकारने हे रेझर लाखोंनी पुरवले आणि घरी परतलेले जवान ती सवय घेऊनच परतले.

ब्लेडची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे जवळपास केसाएवढीच. एवढा पातळ पत्रा केसाला भिडताच लवणार आणि थरथरणार. जिलेटच्या रेझरने हा प्रश्न कसा सोडवला, ते छपरावरच्या पत्र्याकडे पाहिलं की कळतं. सपाट पत्रा एका टोकाला धरून उचलला तर लोंबतो. पन्हळी पत्रा मात्र माणसाचं वजन पेलतो, कारण वळणामुळे त्याला ताठपणा येतो. रेझरची टोपी घट्ट आवळली की ब्लेडला असंच कमानीसारखं वळण मिळतं आणि कड ताठ होते.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा. ब्लेडच्या कडेशेजारी एक आडवी दांडी असते, काही रेझरना तिथे कंगव्यासारखे दात असतात. सुताराचा रंधा आठवा. रंध्याचं पातं लाकडी ठोकळ्यातून जेमतेम डोकावतं, म्हणून ते लाकडात खोल घुसत नाही, नुसता पापुद्रा काढतं. रेझरची दांडी हे ठोकळ्याचं काम करते. ही युक्ती जिलेटच्याही आधीची आहे. १८व्या शतकात झां-झाक पेरे या फ्रेंच कारागिराने वस्तऱ्याला असा आडोसा लावला होता आणि १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या कॅम्फे बंधूंनी असाच आडोसा असलेल्या रेझरचं पेटंट घेतलं होतं. जिलेटने तिला बदलता येणाऱ्या ब्लेडची जोड दिली.

मऊ केसाने पोलाद कसं हरतं?

पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असतं. तरी चार-सहा दाढ्या झाल्या की ब्लेड बोथट होतं. मऊ वस्तूने कठीण वस्तू झिजते कशी?

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले जानलुका रोशोली, जेम ताशान आणि त्यांचे सहकारी यांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. रोशोली साध्या ब्लेडने दाढी करत आणि मग ब्लेडची कड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. कड हळूहळू गुळगुळीत झिजत असेल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तिला बारीक बारीक खाचा पडलेल्या दिसल्या. पोलादाचे कपचे उडत होते.

याचं कारण समजायला शाम्पूची पुडी डोळ्यांसमोर आणा. कडेला छोटी खाच असेल तर पुडी दोन बोटांनी फाटते, नसेल तर दातांनीही फाटत नाही. ताण नेमका खाचेपाशी एकवटतो म्हणून हे घडतं. पोलादही आतून एकसारखं नसतं. कुठे कण जास्त कठीण, कुठे थोडे मऊ, आणि त्यांच्या सीमेवर धार कमजोर. केस सरळ, ताठ उभा असताना कापला तर फारसं काही होत नाही. पण तो वाकला, त्याचा ताण कडेला तिरका बसला आणि तो नेमका अशा कमजोर जागी आला, तर तिथून कपचा उडतो.

म्हणजे वाकलेला केस ब्लेडचा शत्रू. मी यातून एक घरगुती धडा घेतला. मोकळ्या हाताने त्वचा ताणून धरायची आणि केस फेसाने उभे करून घ्यायचे. आजच्या स्टेनलेस स्टीलच्या ब्लेडच्या कडेवर आणखी एक पातळ थर असतो, नॉनस्टिक तव्यावर असतो त्याच जातीचा. केसातून ब्लेड सहज जावं म्हणून तो दिलेला असतो. दाढीनंतर ब्लेड टॉवेलने पुसलं तर हा थर आणि ती नाजूक कड दोन्ही दुखावतात. ते नुसतं धुवावं, झटकावं आणि हवेवर सुकू द्यावं.

वजन आणि कोन: उलटा हात शेवटी

प्लॅस्टिकचा रेझर पिसासारखा हलका असतो, म्हणून तो दाबण्याची सवय लागते. पितळी रेझरला स्वतःचं वजन असतं. दांड्याचं टोक दोन-तीन बोटांत धरा आणि त्याला गालावरून उतरू द्या. केस कापायला तेवढं वजन पुरतं.

कोन मात्र आपण सांभाळायचा. कार्ट्रिजचं डोकं बिजागरीवर हलतं आणि कोन स्वतः ठरवतं. जुन्या रेझरमध्ये ते काम मनगटाचं. दांडा चेहऱ्याला काटकोनात धरून आधी फक्त टोपी गालाला टेकवा. इथे ब्लेड कापत नाही. आता दांडा हळूहळू खाली आणा. एका जागी ब्लेड केसाला भिडतं आणि 'खर्र' असा बारीक आवाज येतो. तो तुमचा कोन, त्वचेशी साधारण ३० अंशांचा. दांडा त्याखाली गेला तर ब्लेड खरवडतं. हा आवाज चांगला गुरू आहे. केस असेपर्यंत तो येतो, गाल स्वच्छ झाला की बंद होतो. मग तिथे पुन्हा रेझर फिरवायची गरज नसते.

एका फेऱ्यात सगळं कापायचा हट्ट नको. पहिला हात केसांच्या दिशेने, सुलटा. पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. त्वचा सोसत असेल तरच तिसरा, उलटा हात. मानेवर केस सरळ वाढत नाहीत, कुठे कुठे भोवरे असतात. दोन दिवस दाढी वाढू द्या, बोट फिरवून पाहा. ज्या दिशेने बोट अडखळतं ती उलटी. हा नकाशा एकदा पाठ झाला की आयुष्यभर पुरतो.

१९७१ मध्ये दोन पात्यांची कार्ट्रिजं आली. त्यांत पहिलं पातं केस कापताना त्याला थोडा बाहेर ओढतं आणि तो मागे सरकण्याआधी दुसरं पातं त्याला आणखी खाली कापतं. गाल अतिशय गुळगुळीत होतो. पण केस कुरळे असतील तर त्वचेखाली कापलेलं टोक वाढताना आतच वळतं आणि तिथे पुटकुळी येते. एक पातं केस त्वचेच्या पातळीवर कापतं. ज्यांची मान सतत लाल होते, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे.

जुना रेझर घेताना

जिलेटच्या पहिल्या ब्लेडला तीन भोकं होती. १९३०च्या सुमारास लांब खाचेचं ब्लेड आलं आणि त्या खाचेचा आकार असा ठेवला गेला की ते जुन्या, तीन खुंट्यांच्या रेझरमध्येही बसतं. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा जिलेट आजही चालतो.

तीन भागांचा रेझर नवशिक्याला उत्तम, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. दुसऱ्या प्रकारात दांड्याचं टोक फिरवलं की डोकं खिडकीच्या दोन झडपांसारखं उघडतं. ही दारं सरळ मिटतात ना, ते पाहूनच घ्यावं. तिसरा प्रकार १९५८ पासूनचा: दांड्यावरची १ ते ९ आकड्यांची चकती फिरवून धार किती पुढे यावी हे ठरवता येतं. १९५०च्या दशकापासून पुढच्या अमेरिकी जिलेटवर एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला सापडतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. इंग्रजी 'ए' असेल तर १९५५, आणि पुढे १ असेल तर त्या वर्षाचे पहिले तीन महिने.

पितळ म्हटलं की आपला हात चिंचेकडे जातो, पण इथे ते टाळावं. वरचा मुलामा पातळ असतो आणि आंबटाने, घासणीने निघून जातो. कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश पुरेसे आहेत. नंतर स्पिरिटमध्ये बुडवून निर्जंतुक करावा. टोपी वाकलेली किंवा दांड्याला चीर असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

चौकट: दाढी थोडक्यात

• चेहरा साबणाने धुवा, केस गरम पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजवा.
• ब्रशने फेस करा, पाणी थेंबाथेंबाने वाढवा. फेस घट्ट दह्यासारखा हवा.
• त्वचा ताणा, कोन ३० अंशांचा ठेवा, रेझर दाबू नका.
• सुलटा, आडवा आणि जमलं तरच उलटा हात. प्रत्येक हाताआधी नवा फेस.
• ब्लेड पुसू नका, ओढू लागलं की बदला.
• वापरलेली ब्लेडं झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवा. उघडं ब्लेड कचऱ्यात टाकलं तर ते सफाई कामगाराच्या हातात घुसतं.

तुरटीची साक्ष

दाढी झाल्यावर थंड पाण्याने चेहरा धुवायचा आणि ओली तुरटी फिरवायची. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ एकत्र होऊन तळाशी बसतो, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचा हा क्षार विखुरलेल्या कणांना एकत्र आणतो. कापल्या जागी तो रक्तातली प्रथिनं अशीच गोठवतो आणि त्वचा आक्रसून घेतो, म्हणून बारीक जखम लगेच मिटते.

तुरटी आणखी एक काम करते. हात जिथे जड पडला, कोन जिथे चुकला, तिथे ती चुरचुरते. आरशात न दिसणारी चूक ती दाखवून देते. पहिल्या आठवड्यात माझी सगळी मान चुरचुरली. महिनाभराने फक्त उजव्या जबड्याखालची रुपयाएवढी जागा उरली. तिथे बोट फिरवून पाहिलं तर केसांचा भोवरा होता आणि मी रोज त्याच्या उलट जात होतो. दुसऱ्या दिवशी तेवढ्या जागी दिशा बदलली.

दाढीला आता मला बारा मिनिटं लागतात, पूर्वी चार लागत. त्या बारा मिनिटांत पाणी किती, फेस कसा, आवाज कुठे थांबला, याकडे सगळं लक्ष असतं आणि दुसरा कुठलाही विचार मनात शिरत नाही. आज सकाळी तुरटी कपाळाच्या कडेपासून गळ्यापर्यंत फिरवली. ती कुठेच चुरचुरली नाही.